कोरडा ब्लू-टंग, दमट ब्लू-टंग: दोघांना एकच आकडा लावू नका

ब्लू-टंग स्किंक म्हणजे घरात पाळला जाणारा, निळ्या जिभेचा सरडा. ‘त्याला आर्द्रता किती लागते?’ असं कुणी विचारलं की लगेच आकडे येऊन पडतात. कुणी ४५ म्हणतं, कुणी ७५, आणि मग दोन्ही बाजू एकमेकांवर प्राण्याचे हाल केल्याचा आरोप करू लागतात. आकडे दोन्ही बरोबर आहेत, पण ते दोन वेगळ्या प्राण्यांचे आहेत. ‘ब्लू-टंग’ एवढ्याच नावाखाली लिहिलेलं माहितीपत्रक म्हणूनच सरळ बाजूला ठेवावं. कुठला ब्लू-टंग हे ज्याने विचारलं नाही, त्याचा सल्ला घेण्यात अर्थ नाही.

पहिला ऑस्ट्रेलियन, टिलिक्वा सिंकॉइडिस. त्यातला नॉर्दर्न, म्हणजे उत्तर ऑस्ट्रेलियातला, बहुतेकांना माहीत असतो, त्यामुळे थोडक्यात: जाड मान, आखूड शेपटी, बुटके फिकट पाय, स्वभाव निवांत. ऑस्ट्रेलिया आपले जिवंत सरपटणारे प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे अमेरिका-युरोपात मिळणारे नॉर्दर्न पिढ्यान्‌पिढ्या पेटीतच जन्मलेले, माणसाला सरावलेले असतात. आर्द्रता ४० ते ६० टक्के.

दुसरा इंडोनेशिया-न्यू गिनीकडचा, टिलिक्वा गिगास. हाल्माहेरा आणि मेराउके ही बाजारातली नावं यातच येतात. ‘इरियन जाया’ नावाने विकल्या जाणाऱ्या ब्लू-टंगचं शास्त्रीय वर्गीकरण अजून पक्कं झालेलं नाही, पण पाळताना त्यालाही इकडेच धरा. अंग सडपातळ, शेपटी लांब, पुढचे पाय बहुधा काळे. आर्द्रता ६० ते ८० टक्के. विक्रेत्याच्या चिठ्ठीवर विसंबू नका, पुढचे पाय आणि शेपटी बघा. नॉर्दर्नची शेपटी धडाच्या निम्म्याच्या आसपास भरते, गिगासची त्याहून बरीच लांब. एक फसवं नाव मात्र लक्षात ठेवा: तनिंबार बेटं इंडोनेशियात आहेत, पण तिथला ब्लू-टंग सिंकॉइडिसचीच उपजात आहे. देश बघून जात ठरवणाऱ्यांची तिथे हमखास गफलत होते.

बाकी बऱ्याच गोष्टी सारख्या आहेत. प्रौढासाठी पेटी किमान १२० सेंटिमीटर लांब आणि ६० रुंद. ऊन खायच्या दगडाचा पृष्ठभाग ३८ अंशांच्या आसपास, थंड बाजू २४ ते २७. यूव्हीबी (अतिनील किरण देणारी) ट्यूब दोघांनाही हवी आणि ती वर्षाने बदलायची, कारण उजेड दिसत राहिला तरी यूव्हीबी घटत जातो. आहारातही उन्नीस-बीसचा फरक. यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये.

वेळ घालवायचा तो आर्द्रतेवर. लोक दोन ठिकाणी चुकतात, आणि दुसरी चूक पहिली सुधारायला जाताना होते.

गिगासला कोरडं ठेवलं तर तो लगेच आजारी दिसत नाही, आणि हीच खरी अडचण आहे. तो खातो, फिरतो, जीभ काढून फुसफुसतो, सगळं ठीक वाटतं. कात मात्र नीट सुटत नाही. ब्लू-टंगची कात सापासारखी अखंड निघत नाही, तुकड्यातुकड्यांनी निघते, त्यामुळे एखादा तुकडा राहिला तर पटकन कळत नाही. तो राहतो बोटांवर आणि शेपटीच्या टोकावर. पुढच्या वेळी त्याच्यावर दुसरा थर बसतो. वाळलेली कात आवळत जाते, बोटाभोवती बारीक कडं तयार होतं आणि पुढचा रक्तपुरवठा तुटतो. बोट आधी सुजतं, मग काळं पडतं, मग गळून जातं. विक्रीला आलेल्या मोठ्या गिगासची नखं मोजून बघा. प्रत्येक पायाला पाच हवीत. कमी भरली तर कारण बहुतेक वेळा हेच असतं.

म्हणून प्रत्येक कातीनंतर वीसही बोटं एकेक करून उजेडात बघायची. अडकलेली कात निस्तेज, पांढुरकी दिसते आणि बोट शेजारच्या बोटापेक्षा जाड वाटतं. ती कोरडी असताना ओढायची नाही, खालची ताजी त्वचाही सोलून येते. पसरट भांड्यात ३० अंशांच्या आसपासचं कोमट पाणी घ्यायचं, खांद्याच्या वर जाणार नाही इतकंच. त्यात १५-२० मिनिटं ठेवायचं आणि समोरून हलायचं नाही. मग ओल्या कापसाच्या काडीने बोटाच्या मुळाकडून टोकाकडे हलकेच चोळायचं. नाही सुटली तर उद्या पुन्हा. बोट काळं पडलं असेल तर घरगुती उपाय थांबवून सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं.

आता दुसरी चूक. आर्द्रता वाढवा म्हटलं की लोक स्प्रेची बाटली उचलतात आणि सकाळ-संध्याकाळ फवारत सुटतात. या बाटलीइतकी निरुपयोगी वस्तू या छंदात दुसरी नसेल. फवारल्यावर काटा ९० वर उडी मारतो, तासा-दोन तासांत पुन्हा ४५ वर येतो. ओला राहतो तो फक्त सबस्ट्रेटचा, म्हणजे पेटीच्या तळाशी पसरलेल्या भुशाचा, वरचा थर, आणि हा प्राणी पोट टेकून जगतो. सतत ओल्या पृष्ठभागावर राहिलं की पोटाचे खवले तांबूस-तपकिरी होतात, फोड येतात, खवले सडायला लागतात. गिगासला दमट हवा लागते, ओलं अंथरूण नाही.

मग करायचं काय? सबस्ट्रेट १० सेंटिमीटर किंवा त्याहून खोल घ्या. नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोकोपीट यांचं मिश्रण चांगलं चालतं, सायप्रसचा भुसाही चालतो. देवदार आणि पाइनचा भुसा नको, त्यातली तेलं बाधतात. पाणी वरून शिंपडायचं नाही, चारही कोपऱ्यांत तळाशी ओतायचं. १२० बाय ६०च्या पेटीत एका वेळी लिटरभरापासून सुरुवात करा आणि दुसऱ्या दिवशी आकडा बघून कमी-जास्त करा. खालचा थर ओलसर, वरचे दोन-तीन सेंटिमीटर कोरडे, असं हवं. खालचा भुसा मुठीत दाबला की गोळा झाला पाहिजे, पण पाणी ठिबकता कामा नये. झाकण जाळीचं असेल तर दिव्याखालची जागा सोडून बरीचशी जाळी झाका, पण सगळी नको. कोंदलेल्या हवेत बुरशी धरते. थंड बाजूच्या लपणात ओलसर स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) ठेवा.

मोजण्यातही घोळ होतो. एकच मीटर, तोही दिव्याखाली चिकटवलेला, आणि मग ‘माझ्याकडे ७० होतच नाही’ अशी तक्रार. सापेक्ष आर्द्रता तापमानावर ठरते. २४ अंशांना ८० टक्के आर्द्रता असलेली हवा, तेवढ्याच बाष्पासह ३४ अंशांपर्यंत तापवली, तर आकडा साधारण ४५ वर येतो. पाण्याचा एक थेंबही उडालेला नसतो. म्हणून मीटरचा प्रोब (मोजणारं टोक) थंड बाजूला, सबस्ट्रेटच्या जरा वर लावा. मीटर डिजिटलच घ्या, काट्यावाले गोल मीटर काहीही दाखवतात. न्यू जर्सी किंवा शिकागोकडच्या घरांत हिवाळ्यात हीटर लागला की खोलीचीच हवा २०-३० टक्क्यांवर येते. उन्हाळ्यात बसवलेलं गणित तेव्हा पूर्ण नव्याने बसवावं लागतं.

‘दमट ठेवलं की न्यूमोनिया होतो’ हे अर्धसत्य आहे. गिगासला बाधतं ते दमट आणि गार, दोन्ही एकत्र. रात्रीचं तापमान २१-२२च्या खाली जाऊ न देता ७५ टक्के ठेवा, फुप्फुसं ठीक राहतात. श्वास घेताना बुडबुड्यांसारखा आवाज, तोंड उघडं ठेवणं, नाकाशी फेस, यांतलं काहीही दिसलं तर आधी तापमान तपासा आणि डॉक्टरकडे न्या.

नॉर्दर्नचं गणित याच्या उलट आणि बरंच माफ करणारं आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातही पावसाळा असतो, चार दिवस ६५ टक्के झाले म्हणून तो मरत नाही. महिनोन्‌महिने ७५ आणि खाली ओल, हे मात्र त्याला सोसत नाही. त्याला सबस्ट्रेट कोरडं ठेवून एक ओलसर लपण दिलं की पुरतं, कातीच्या वेळी तो स्वतःच तिथे जाऊन बसतो.

मेलबर्न-सिडनीत राहणाऱ्यांनी तर गिगासची पत्रकं वाचूच नयेत. परदेशी सरपटणारे प्राणी तिथे पाळता येत नाहीत, म्हणजे तुमच्याकडचा ब्लू-टंग ऑस्ट्रेलियनच, बहुधा ईस्टर्न, म्हणजे पूर्वेकडची सिंकॉइडिस उपजात. त्याला ७५ टक्क्यांत ठेवण्याचं काही कारण नाही. राज्याच्या नियमाप्रमाणे परवाना बघून घ्या, आणि परसात फिरणारा उचलून घरात आणू नका.

हाताळणी दोघांची एकच. वरून झडप घालायची नाही, बाजूने हात पोटाखाली सरकवायचा, चारही पायांना आधार द्यायचा, शेपटी धरायची नाही. फरक लागतो तो वेळेचा. पेटीत जन्मलेला नॉर्दर्न आठवडाभरात हातावर बसतो. गिगास अनेकदा जंगलातून पकडून आणलेला असतो. तो अंग चपटं करून फुसफुसतो तो हट्टीपणाने नाही, भीतीने. पहिले दोन आठवडे त्याला हात लावू नका, नंतर पाच-पाच मिनिटांपासून सुरुवात करा. त्याआधी ताजी विष्ठा डॉक्टरकडे तपासून घ्या, जंत हमखास निघतात. कानाच्या भोकात आणि पायांच्या बगलेत गोचिडी, माइट्स (बारीक परजीवी किडे) बघा, आणि घरात दुसरा सरपटणारा प्राणी असेल तर याला किमान ६० दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. या काळात खाली साधा टिश्यू पेपर घाला, म्हणजे माइट्स आणि विष्ठा नजरेतून सुटत नाहीत. टिश्यूवर आर्द्रता टिकत नाही, म्हणून गिगासच्या लपणात ओलसर मॉसचा डबा पहिल्या दिवसापासून असू द्या आणि मॉस आठवड्याला बदला.