जुन्या टॉवरला नवा ताण

हौशी रेडिओच्या, म्हणजे छंद म्हणून रेडिओवरून दूरवर संपर्क साधणाऱ्यांच्या जगात अँटेना उंच धरणारा एक टॉवर अनेकदा दोन-तीन मालक पाहतो. ज्याने तो उभारला त्याचं वय होतं, घर बदलतं, छंद थांबतो आणि तोच सांगाडा दुसऱ्या कुणाच्या मोकळ्या जागेत पुन्हा उभा राहतो. पोलादी नळ्यांचे त्रिकोणी जाळीचे तुकडे, प्रत्येक साधारण तीन मीटर उंच आणि हलक्या बनावटीत १८ किलोच्या आसपास. ते एकावर एक बसवायचे आणि तीन दिशांना तारांनी जमिनीशी बांधायचे. जुना टॉवर घेणं मला मनापासून पटतं, कारण नीट जस्त चढवलेलं पोलाद कित्येक दशकं टिकतं. मात्र विकणाऱ्याकडून आपल्याला मिळतं ते फक्त पोलाद. हा टॉवर उभा राहतो तो तारांमधल्या ताणाच्या बळावर, आणि तो ताण नव्या जागी पहिल्यापासून तयार करावा लागतो.

एवढी उंची कशाला, हा प्रश्न आधी मिटवू. १४ मेगाहर्ट्झच्या लहरींची लांबी साधारण २१ मीटर असते. आडवा अँटेना अर्ध्या तरंगलांबीइतक्या, म्हणजे साडेदहा मीटर उंचीवर असेल, तर सपाट जमिनीवर त्याचा मुख्य झोत क्षितिजापासून ३० अंश वर निघतो. उंची दुप्पट केली की हाच कोन साडेचौदा अंशांवर येतो. वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाचा, म्हणजे आयनांबराचा, लहरी परत खाली पाठवणारा थर ३०० किलोमीटरवर धरला, तर पहिला झोत एका उडीत जेमतेम ९०० किलोमीटर जातो आणि दुसरा १७०० किलोमीटरच्या पुढे. ट्रान्समीटरची शक्ती तीच राहते. बदलते ती फक्त दिशा. वीसेक मीटरच्या टॉवरसाठी लोक एवढा खटाटोप करतात तो यासाठी.

आता वाऱ्याकडे वळू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्यात एका चौरस मीटरवर सुमारे २५ किलोचा जोर येतो, ताशी १४४ किलोमीटरला तो १०० किलोवर जातो. यागी या एका दिशेला झोत टाकणाऱ्या, तीन कांड्यांच्या अँटेनाचा वाऱ्याला सामोरा येणारा भाग अर्ध्या चौरस मीटरच्या आसपास असतो, म्हणजे वादळात माथ्यावर ५० किलोचा आडवा धक्का. शिवाय टॉवरच्या प्रत्येक नळीवरही वारा आपटत असतो.

हा धक्का तारा झेलतात खऱ्या, पण त्याची किंमत टॉवर मोजतो. तारा जमिनीत रुतवण्याची जागा साधारणपणे पायापासून टॉवरच्या उंचीच्या ८० टक्के अंतरावर ठेवतात. २० मीटरच्या टॉवरला १६ मीटर. अशा वेळी वरची तार जमिनीशी सुमारे ५१ अंशांचा कोन करते. वाऱ्याने १०० किलोचा आडवा जोर लावला आणि तो एकाच तारेवर आला, तर तारेतला ताण १६० किलो होतो आणि तीच तार टॉवरला १२५ किलोने खाली दाबते. म्हणजे वारा जितका आडवा ढकलतो, त्याहून जास्त जोराने टॉवर आपल्याच पायावर रेटला जातो.

असा टॉवर क्वचितच बाटलीच्या बुचासारखा समूळ उपटून पडतो. तो मधे वाकून मोडतो. बारीक, उंच खांब दाबाखाली अचानक बाहेरच्या बाजूला फुगतो आणि कोसळतो. या वाकण्याचं गणित अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर यांनी मांडलं: आधार नसलेली लांबी निम्मी केली की खांब चौपट भार पेलतो. म्हणून तारा फक्त माथ्याला न बांधता मधेही बांधतात, साधारण दर दहा मीटरला एक फेर. आणि म्हणूनच जुन्या टॉवरमधला एखादा वाकलेला पाय, म्हणजे तीन कोपऱ्यांतल्या उभ्या नळ्यांपैकी एक, मला अजिबात खपत नाही. वाकण्याची सुरुवात तिथे आधीच झालेली असते. असा तुकडा ठोकून किंवा तापवून सरळ करू नये. तापवलं की जस्त जळतं आणि आतल्या पोलादाची अवस्था काय झाली ते बाहेरून कळत नाही. तो सरळ भंगारात द्यावा.

बाकीचे तुकडे निवडताना डोळ्यांपेक्षा हातोडी जास्त कामाची. जस्ताच्या थरावर पांढरी भुकटी दिसली तर घाबरायचं कारण नाही. जस्त स्वतः झिजून पोलादाला वाचवतंय, एवढाच त्याचा अर्थ. तांबूस डाग दिसले की मात्र जस्त संपून लोखंडाची पाळी आलेली असते. त्याहून वाईट गंज आतून धरतो. नळ्या पोकळ असतात, त्यात पाऊस आणि दव साचतं. ते वाहून जाण्यासाठी तळाशी जागा ठेवलेली असते, पण ती माती, पानं किंवा किड्यांच्या घरट्यांनी बुजते. मग बाहेरून चकचकीत दिसणारी नळी आतून कागदासारखी पातळ होते, आणि जिथे पाणी गोठतं तिथे उभी फाटतेसुद्धा. प्रत्येक पायावर वरपासून खालपर्यंत हातोडीने हलकं ठोकत जायचं. जाड भिंत खणखणीत वाजते, गंजलेल्या जागी आवाज बसका येतो. सगळ्यात खालच्या तुकड्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण सगळं पाणी अखेर तिथेच उतरतं.

तुकडे जमिनीवर आडवे ठेवून एकदा जोडून पाहावेत. जुन्या नळ्यांची तोंडं बऱ्याचदा अंडाकृती झालेली असतात. तीन पायांचा सांगाडा १२० अंशांत फिरवून पाहिला की एखाद्या स्थितीत तो सहज बसतो. ती स्थिती रंगाने खुणावून ठेवायची. वीस मीटरवर लोंबकळत तोंडं कानसत बसण्यापेक्षा हे हजारपट बरं. बोल्ट, तारा, तारांच्या पकडी आणि टर्नबकल, म्हणजे तार आवळायचे फिरकीचे जोड, मात्र नवेच घ्यावेत. यात काटकसर करू नये असं माझं ठाम मत आहे.

या सगळ्यात धोक्याचा दिवस कोणता, असं विचारलं तर बहुतेकांना नव्या जागी टॉवर चढवण्याचा दिवस आठवतो. मला तो उतरवण्याचा वाटतो. जुन्या जागी तुम्ही अशा सांगाड्यावर चढता ज्याच्या तारा, पाया आणि त्या तारा जमिनीत धरून ठेवणारे अँकर दुसऱ्याने, कधीतरी, कसेतरी केलेले असतात. पोलंडमधल्या कोन्स्टान्टिनूफचा रेडिओ मनोरा ६४६ मीटर उंच होता, जगातलं त्या वेळचं सर्वांत उंच बांधकाम. ८ ऑगस्ट १९९१ रोजी तो कोसळला तो त्याच्या तारा बदलण्याचं काम चालू असताना. तारा सोडल्या की ताणांचा समतोल मोडतो, हे ६४६ मीटरला जितकं खरं तितकंच २० मीटरला. म्हणून आधी तिन्ही अँकरभोवती खणून पाहावं, तात्पुरत्या तारा बांधाव्यात, आणि मगच वर जावं. वर जाताना पूर्ण अंगाचा हार्नेस आणि दोन दोऱ्या, म्हणजे एक सोडताना दुसरी अडकलेली राहते. पायाशी लाल गंज दिसला तर चढूच नये. क्रेन आणावी, नाहीतर तो टॉवर सोडून द्यावा.

अँकर खणून पाहायला सांगण्यामागे रसायनशास्त्र आहे. जमिनीखाली काँक्रीटचा ठोकळा असतो, त्यातून निघालेला पोलादी दांडा मातीतून वर येतो. काँक्रीटच्या आत वातावरण अल्कधर्मी असल्यामुळे पोलाद सुरक्षित राहतं. पण ठोकळा आणि जमिनीचा पृष्ठभाग यांच्यामधला, ओल्या मातीतला टप्पा झिजतो. काँक्रीटमधलं पोलाद आणि मातीतलं पोलाद मिळून एक बॅटरीच तयार होते आणि तीत बळी जातो तो मातीतला भाग. विजेपासून संरक्षण म्हणून जवळच तांब्याचा अर्थिंगचा दांडा ठोकून तो अँकरला जोडला, तर ही झीज आणखी वेगाने होते. जमिनीवर दिसणारी कडी नवीकोरी आणि हातभर खाली दांडा बोटाएवढा उरलेला, असं होऊ शकतं. नव्या जागी काँक्रीट थेट जमिनीच्या वर आणावं, म्हणजे दांड्याला माती लागतच नाही. ते जमत नसेल तर मॅग्नेशियम किंवा जस्ताचा तुकडा जोडून पुरावा. पोलादाऐवजी तो झिजतो.

उभारणी कप्पीवर चालते. वरच्या तुकड्याला जिन पोल नावाचा एक दांडा बांधतात, त्याच्या टोकाला कप्पी असते. दोर कप्पीवरून खाली येतो आणि जमिनीवरची माणसं तो ओढतात. १८ किलोचा तुकडा उचलताना माथ्यावर मात्र ३६ किलो येतात, कारण तुकड्याचं वजन आणि ओढणाऱ्यांचा जोर दोन्ही खालीच खेचतात. दोर लांबून तिरका ओढला तर टॉवर त्या बाजूला वाकतो. त्यासाठी पायाशी दुसरी कप्पी लावून दोर तिथून वळवतात. खेच सरळ खाली येते आणि ओढणारे पडणाऱ्या वस्तूंच्या टप्प्याबाहेर उभे राहतात. टॉवर पडला तरी विजेच्या तारांना शिवणार नाही एवढी मोकळी जागा चहूबाजूंनी हवीच, त्यावर चर्चा नाही.

आता ताण. पोलादी तारेला तिच्या तुटण्याच्या भाराच्या सुमारे १० टक्के ताण आधीच देऊन ठेवतात. तीन षोडशांश इंची मजबूत तार १८०० किलोला तुटते, तिला १८० किलो. सैल तार वाऱ्यात टॉवरला हलू देते आणि मग झटका देऊन थांबवते. फार ताणलेली तार विनाकारण टॉवरला दाबत राहते. हा ताण मोजायला उपकरणं मिळतात, पण घड्याळानेही तो मोजता येतो आणि मला ही पद्धत फार आवडते. तारेला खालच्या टोकाजवळ हाताने एक ठोसा द्यायचा. एक लाट वर धावते, टॉवरवर आपटून परत येते आणि बोटांना जाणवते. अशा दहा फेऱ्यांचा वेळ घ्यायचा. लाटेचा वेग ताण आणि तारेचं दर मीटर वजन यांवरून ठरतो. २० मीटर उंचीवरून १६ मीटरवर उतरणारी तार २५.६ मीटर लांब असते. तिचं वजन मीटरला १०९ ग्रॅम आणि ताण १८० किलो असेल, तर दहा फेऱ्यांना चार सेकंद लागतात. पाच सेकंद लागले तर ताण ११६ किलोवर उतरलाय असं समजायचं.

तारेत मधे इन्सुलेटर, म्हणजे वीज अडवणारे तुकडे, असतील तर हा हिशेब तितका चोख राहत नाही. पण इन्सुलेटर बहुधा लागतातच. १४ मेगाहर्ट्झला साडेदहा मीटरच्या आसपासचा धातूचा अखंड तुकडा स्वतःच अँटेनासारखा वागू लागतो आणि यागीचा झोत बिघडवतो. म्हणून तार अशा लांब्यांमध्ये तोडतात की ती कुठल्याच वापरातल्या बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यावर, घुमणार नाही. अंड्याच्या आकाराच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरमध्ये दोन्ही तारांचे फास एकमेकांत अडकलेले असतात. चिनी मातीवर फक्त दाब येतो, आणि ती फुटली तरी तार सुटत नाही. केवलरसारख्या अवाहक धाग्यांच्या दोऱ्याही मिळतात. त्या महाग पडतात, पण हा सगळा प्रश्न मिटवून टाकतात.

तिन्ही तारा एकेक करून थोड्या थोड्या आवळायच्या आणि दर वेळी एकमेकींशी काटकोनात असलेल्या दोन जागांवरून ओळंबा धरून टॉवर पाहायचा. उंचीच्या चारशेव्या भागापर्यंतचा कल मान्य असतो, २० मीटरला ५ सेंटीमीटर. टर्नबकल वाऱ्याच्या कंपनांनी हळूहळू सुटू नयेत म्हणून त्यांच्या मधून तारेचा सुरक्षा-फास घालायचा.

हे मोजमाप वारा नसलेल्या सकाळी करावं आणि तापमान लिहून ठेवावं, कारण उन्हात पोलाद लांबतं आणि ताण बदलतो. पहिल्या मोठ्या वादळानंतर तशाच सकाळी दहा फेऱ्यांचे वेळ पुन्हा घ्यावेत, मग दरवर्षी. सगळ्या तारा थोड्याशा सैल झाल्या असतील तर त्या बसल्या आहेत, आवळून घ्याव्यात. एकाच दिशेच्या तारांचा वेळ वाढत चालला असेल तर टर्नबकलला हात लावण्याआधी त्या दिशेच्या अँकरभोवती खणावं.