खानापूर तालुका : स्थानिक राजकारण आणि मतदान

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर हे मलप्रभेच्या काठचे तालुक्याचे गाव. कौले आणि मातीची भांडी ही त्याची जुनी ओळख. सीमाभागातले मराठी राजकारण समजून घ्यायचे, तर बेळगाव शहरापेक्षा खानापूर जास्त शिकवते. येथे एकच मतदार ग्रामपंचायत, विधानसभा आणि लोकसभा या तिन्ही वेळी वेगळ्या हिशेबाने मत देतो.

तालुक्याचा पश्चिम भाग (जांबोटी, कणकुंबी, गुंजी) सह्याद्रीच्या जंगलातला आणि प्रामुख्याने मराठी आहे. पूर्वेकडे इटगी, बिडी या पट्ट्यात कानडी बोलली जाते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तो दिवस सीमावासीय काळा दिवस म्हणून पाळतात. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने 1967 च्या अहवालात 264 गावे महाराष्ट्राला द्यावीत असे सुचवले होते. त्यांत निपाणी, खानापूर आणि नंदगड होती. महाराष्ट्राला मात्र बेळगावशिवायची ही वाटणी मान्य नव्हती, आणि 2004 मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ज्या गावाला आयोगानेही महाराष्ट्राचे म्हटले, तेथे सीमाप्रश्न हा नुसता सभेतला विषय राहत नाही, हे उघड आहे.

ग्रामपंचायतीला पक्षाचे चिन्ह नसते, त्यामुळे लढत पॅनेलची. भावकी, गल्ली, देवस्थान कमिटी, युवक मंडळ आणि शेतकऱ्यांची सोसायटी यांतून पॅनेल उभे राहते. पाणी, गटार, घरकुलाची यादी, उताऱ्यातली दुरुस्ती हे तिथले प्रश्न. उमेदवार समितीचा की राष्ट्रीय पक्षाचा, हे गावाला ठाऊक असते, पण त्यावर निकाल ठरतोच असे नाही. (सीमाभागात ‘समिती’ म्हणजे हा भाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणारी महाराष्ट्र एकीकरण समिती आणि ‘राष्ट्रीय पक्ष’ म्हणजे काँग्रेस किंवा भाजप, हे वेगळे सांगावे लागत नाही.) सरकारी कागद कानडीत येतात. मराठीतून परिपत्रके द्यावीत ही मागणी, भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के वा अधिक असतील तेथे त्यांच्या भाषेतही कागद द्यावेत या नियमाचा आधार घेऊन, वर्षानुवर्षे होत आली आहे. आलेली नोटीस वाचून दाखवणारा आणि कचेरीत सोबत येणारा माणूस म्हणूनच निवडून येतो. ही सेवा क्षुल्लक समजू नये. पुष्कळ कार्यकर्त्यांची सुरुवात तिथूनच झालेली आहे.

विधानसभेला भाषा पुढे येते. समितीचे उमेदवार अपक्ष म्हणून उभे राहतात, त्यामुळे दर निवडणुकीत चिन्ह नव्याने घरोघरी पोचवावे लागते. खानापूर हा दीर्घकाळ समितीचा बालेकिल्ला होता. 2008 मध्ये तो भाजपकडे गेला, 2013 मध्ये समितीने परत मिळवला. 2018 मध्ये समितीचे दोन गट समोरासमोर उभे राहिले आणि जागा काँग्रेसकडे गेली. दोन्ही गटांच्या मतांची बेरीज विजयी उमेदवाराच्या मतांहून अधिक होती. मराठी मत आटले नव्हते, ते फाटले होते. ही जखम तालुक्यात अजून बोलली जाते.

पण फूट हे एकच कारण मानणे अपुरे आहे. 2023 मध्ये समितीने एकच उमेदवार दिला, तरी भाजप मोठ्या मताधिक्याने जिंकला आणि समिती बरीच मागे राहिली. भगव्या झेंड्याखाली वाढलेल्या तरुणाला तोच रंग आता भाजपकडेही दिसतो. भाजप आणि काँग्रेस दोघेही मराठी बोलणारे, मराठा समाजातले उमेदवार देऊ लागले. साखर कारखाना, पतसंस्था आणि जिल्हा बँक यांच्याशी जोडलेला माणूस ऊस, कर्ज आणि नोकरीच्या वाटेने घरात पोचतो. समितीकडे एवढे देण्यासारखे काही नसते. तिचा 2013 चा आमदारही पुढे भाजपमध्ये गेला. बेळगाव महापालिकेतही 2021 मध्ये 58 पैकी 35 जागा भाजपने घेतल्या. तरी त्याच वर्षीच्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला लाखावर मते पडली. म्हणजे ही मते संपलेली नाहीत, ती कधी आणि कशासाठी बाहेर येतात हे बदलले आहे.

लोकसभेला खानापूर बेळगावात नाही, उत्तर कन्नड मतदारसंघात येते. कणकुंबीचा मतदार कारवार, शिरसीच्या मतदारांबरोबर खासदार निवडतो. सीमाप्रश्नाला त्या विस्तीर्ण मतदारसंघात वजन उरत नाही. समिती उमेदवार देते ती आपला आवाज नोंदवण्यासाठी, आणि बाकी मराठी मत दिल्लीच्या सत्तेकडे पाहून पडते.

भीमगड अभयारण्यातील आमगाव, कृष्णापूर, गवाळी, कोंगळा या वाड्यांना हे सगळेच हिशेब दूरचे आहेत. पावसाळ्यात नाले भरले की वाट बंद होते आणि आजारी माणसाला खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावे लागते. रस्त्याची मागणी वन कायद्यापाशी अडते. मते थोडी असल्याने प्रचाराची गाडीही क्वचितच इकडे येते. येथे मत मागायला येणाऱ्याला विचारले जाते ते एवढेच की पुलाचे काय झाले.