नागपूर-मुंबई विमानप्रवास : अंतर आणि वेळ यांची पार्श्वभूमी

नागपूरच्या सोनेगाव विमानतळाचे नाव देशभर पोहोचले ते जानेवारी १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेमुळे. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. चारही शहरे नागपूरपासून सरळ रेषेत सुमारे ६८० ते ९९० किलोमीटरवर असल्याने ताशी पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर वेगाच्या डाकोटा या तेव्हाच्या पंख्याच्या विमानाला एका रात्रीत ये-जा करणे शक्य होते. मुंबईला तेव्हा साधारण अडीच तास लागत. जेट विमाने रुळल्यावर मध्ये थांबण्याचे कारण उरले नाही आणि १९७० च्या दशकात ही सेवा बंद झाली.

आजचा खरा गुंता ‘प्रवासवेळ’ या शब्दाचा आहे. हवाई अंतर त्या मानाने सरळ आहे. ते दोन्ही विमानतळांच्या ठरलेल्या संदर्भबिंदूंमधून मोजतात, नागपूर शहरातल्या झिरो माइल या अंतरखुणेच्या स्तंभापासून नव्हे, आणि नागपूर-मुंबईसाठी ते सुमारे ६८० किलोमीटर भरते. तिकिटावर छापलेली वेळ मात्र उड्डाणाची नसते. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा सारा काळ तीत धरलेला असतो, त्याला या व्यवसायात ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. हवेतला काळ सव्वा तासाच्या आसपास असला तरी वेळापत्रकात दीड तास किंवा त्याहून अधिक दिसतो, तो यामुळे.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी बहुधा एकच वापरता येते आणि गर्दीच्या वेळी विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. या खोळंब्यासाठी वेळापत्रकात आधीच मोकळी मिनिटे ठेवण्याचा निर्णय वादग्रस्त ठरला आहे. त्याच्या समर्थनार्थ सांगतात की पुढचे जोडविमान गाठणाऱ्याला भरवशाची वेळ मिळते. हे खरे आहे. परंतु ठरल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत पोहोचलेले विमान वेळेवर आले असे मानले जात असल्याने वाढवलेल्या वेळेमुळे वक्तशीरपणाचे आकडे आपोआप सुधारतात आणि विलंबाचे मूळ झाकले जाते. हवेतला काळ आणि जमिनीवरचा काळ तिकिटावर वेगळे छापणे, हेच प्रवाशाच्या दृष्टीने प्रामाणिक ठरेल.

दिशेचाही फरक पडतो. हिवाळ्यात वरच्या थरांत पश्चिमेचे वारे जोरदार असतात, म्हणून मुंबईहून नागपूरला येणारे विमान जाणाऱ्यापेक्षा काही मिनिटे लवकर पोहोचते.

जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाल्यापासून नागपूरकर रस्त्याच्या आठ तासांची तुलना तिकिटावरच्या दीड तासाशी करतात. सोनेगावला आधी पोहोचण्याचा, तपासणीचा आणि मुंबईत उतरल्यावर शहर गाठण्याचा वेळ त्या दीड तासात नसतो.