जर्सीखालच्या काळ्या बनियनचं खरं काम

‘फुटबॉलपटूंच्या जर्सीखालची काळी बनियन आळशी खेळाडू पकडायला असते, म्हणून त्यांना ती नकोशी वाटते’, असा समज वर्षानुवर्षं फिरतोय.

खेळाडूनं जर्सी काढली की पाठ नीट बघा. खांद्यांच्या मधोमध छोटा उंचवटा दिसेल. ते जीपीएस यंत्र. अंतर, वेग, अचानक थांबणं मोजतं. नुसत्या अंतरावरून आळस ठरत नाही. मधल्या फळीतला खेळाडू सामन्यात बहुधा 10-12 किलोमीटर धावतो, गोलकीपर त्याच्या निम्मंच. आकडे मुख्यतः सरावाचा ताण बेतायला वापरतात, म्हणून अनेक खेळाडू ते आवर्जून बघतात. त्यांची खरी धास्ती वेगळीच, आणि मला ती रास्त वाटते: हेच आकडे कराराच्या वेळी आपल्यावर उलटले तर?