चाळीस टक्क्यांची रेघ

परीक्षेतला लेखनिक असो, वैद्यकीय प्रवेश असो की नोकरीतली राखीव जागा. दिव्यांगांच्या हक्कांची अलीकडे सर्वोच्च न्यायालयात गाजलेली बरीच प्रकरणे एकाच आकड्यापाशी येऊन थांबतात. तो आकडा म्हणजे 40 टक्के दिव्यांगत्व. कायद्यात तो कसा शिरला आणि चळवळीनेही तो का चालवून घेतला, हे माहीत असले की आजचे वाद लवकर कळतात.

जुना काळ थोडक्यात. केंद्राने 1977 मध्ये खालच्या श्रेणींतल्या पदांवर 3 टक्के जागा राखल्या, पण त्या भरल्या जाईनात. 1980 च्या मार्चमध्ये दिल्लीत अंधांच्या मोर्चावर लाठ्या पडल्या. पुढचे वर्ष आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून साजरे झाले! नागरी सेवा परीक्षेत अंध उमेदवाराला ब्रेलमधून किंवा लेखनिकाकरवी उत्तरे लिहू द्या, हा निकाल यायला 1993 उजाडले.

1995 च्या कायद्याने सात प्रकारचे अपंगत्व मान्य केले. नोकरीतल्या 3 टक्क्यांचे वाटप मात्र दृष्टी, श्रवण आणि हालचाल या तीनच गटांत झाले. मानसिक आजार व्याख्येत होता, राखीव जागांत नव्हता. आणि खरी मेख व्याख्येतच मारलेली होती. वैद्यकीय अधिकाऱ्याने किमान 40 टक्के दाखला दिला तरच ती व्यक्ती कायद्याच्या लेखी अपंग. 38 टक्केवाला कोणीच नाही. चळवळीने यावर फारसा आवाज उठवला नाही, आणि त्याला कारण होते. जागा मोजक्या होत्या. किरकोळ दोषाचे किंवा बनावट दाखले घेऊन कोणी त्या पळवेल, ही भीती खोटी नव्हती. पण रांगेतल्या गर्दीवर शोधलेला हा उपाय पुढे माणसाचीच मोजपट्टी होऊन बसला.

टक्के निघतात कसे, तेही पाहण्यासारखे आहे. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल, तर 30 टक्के. एकाहून अधिक दोष असतील तर सरळ बेरीज होत नाही. मोठ्या आकड्यात लहान आकड्याचा काही भाग मिळवायचा. तो भाग काढताना 90 मधून मोठा आकडा वजा करून बाकीला 90 ने भागायचे आणि लहान आकड्याने गुणायचे. म्हणजे 30 आणि 20 चे होतात 43.3, रेघ पार. 25 आणि 20 चे होतात 39.4, रेघेच्या अलीकडे. दोन दोष अंगावर वागवणाऱ्याच्या रोजच्या जगण्यात या चार टक्क्यांनी काय फरक पडतो, हे सूत्र सांगत नाही.

भारताने 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली आणि नवा कायदा करणे भाग पडले. त्याला नऊ वर्षे लागली. 2014 च्या विधेयकावर तर चळवळीतच दोन तट पडले. मिळतेय ते पदरात पाडून घ्या असे काहींचे म्हणणे, तर भेदभावाला पळवाट ठेवणारा कायदा नकोच असे इतरांचे. ही पळवाट शेवटी राहिलीच: 'कायदेशीर उद्दिष्टासाठी प्रमाणशीर' ठरेल ते वेगळे वागवणे आजही चालते.

डिसेंबर 2016 मध्ये संमत झालेल्या कायद्याने प्रकार 21 केले, नोकरीतले आरक्षण 4 टक्क्यांवर आणि उच्च शिक्षणातले 5 टक्क्यांवर नेले. त्याहून मोठा बदल कमी गाजला. दिव्यांग व्यक्तीच्या व्याख्येतून टक्केवारी काढून टाकली गेली. दीर्घकालीन दोष आणि समाजातले अडथळे मिळून सहभाग रोखला जात असेल तर ती व्यक्ती दिव्यांग. 40 टक्के उरले ते 'बेंचमार्क दिव्यांगत्वा'पुरते, म्हणजे मुख्यतः आरक्षणासाठी. पण कार्यालयांना जुनी सवय. लेखनिक हवा? 40 टक्क्यांचा दाखला दाखवा.

फेब्रुवारी 2021 मध्ये न्यायालयाने हा गोंधळ सोडवला. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक नाकारला गेला होता. वाजवी सोय मिळण्याचा हक्क बेंचमार्कवर अवलंबून नाही, असे न्यायालयाने बजावले. 2022 मध्ये 40 टक्क्यांखालच्यांसाठी वेगळी नियमावली निघाली. तरी फेब्रुवारी 2025 मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की, लेखनिकाची सोय सगळ्याच दिव्यांगांना आहे.

वैद्यकीय प्रवेशात तर हाच आकडा दोन्ही बाजूंनी कापत होता. वाचा आणि भाषेचे दिव्यांगत्व 40 च्या खाली असेल तर राखीव जागा नाही, आणि 40 किंवा त्यावर असेल तर एमबीबीएसला अपात्र. मग ती राखीव जागा नेमकी कोणासाठी होती? ऑक्टोबर 2024 मध्ये न्यायालयाने सांगितले की, केवळ टक्केवारीवरून कोणाला अपात्र ठरवता येणार नाही. दिव्यांगत्व अभ्यासक्रमाच्या आड येते का, हे उमेदवाराची तपासणी करणाऱ्या मंडळाने पाहून नोंदवायचे.

आरक्षणाची रेघ मात्र खुद्द कायद्यात आहे, आणि ती हलवायची तर संसदेलाच हलवावी लागेल. तोवर 39.4 टक्केवाल्या उमेदवाराला लेखनिक मिळेल, राखीव जागा मिळणार नाही.