लिंबाची नवती आणि तिची गिऱ्हाइकं

परसातल्या लिंबाच्या कोवळ्या पानावर चांदीच्या तारेसारखी नागमोडी रेघ दिसली की आपला हात आधी औषधाच्या बाटलीकडे जातो. त्याआधी ते पान उन्हासमोर धरून पाहावं. रेघेच्या एका टोकाला, पातळ पापुद्र्याखाली, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची पिवळसर अळी सापडेल आणि तिच्या मागे विष्ठेची बारीक काळी ओळ. ही नागअळी. तिचा पतंग अंडी घालतो ती फक्त कोवळ्या पानावर. पान एकदा जाड, गडद झालं की तिथे तिचं काही चालत नाही. आणि वरून फवारलेलं औषध पापुद्र्याखालच्या अळीपर्यंत सहसा पोचतच नाही.

लिंबू, संत्रं, मोसंबी ही झाडं वर्षभर सारखी वाढत नाहीत. एकदम पालवी फुटते, मग काही काळ झाड स्वस्थ बसतं. या फुटव्याला बागवाले नवती म्हणतात. नागअळी, मावा, सिट्रस सायला, लिंबाच्या फुलपाखराची अळी, सगळ्यांचा डोळा नवतीवर. मोठ्या झाडाला चार पानं गेल्याचं काहीच वाटत नाही. लहान झाडाला मात्र नवती वारंवार फुटते आणि पानंच मोजकी असतात, म्हणून कीड त्याच्याच मागे लागल्यासारखी दिसते.

मग आपण काय करतो? झाड मरगळलं म्हणून युरिया, म्हणजे नत्राचं खत, घालतो आणि खराब पानं कात्रीने छाटतो. दोन्हींमुळे आणखी नवती फुटते, म्हणजे किडीला पुढचं ताट वाढून मिळतं. रेघा पडलेलं पान दिसायला वाईट, पण त्याचा जेवढा भाग हिरवा असतो तो अन्न तयार करतच असतो. ते राहू द्यावं. नत्र हवंच, पण थोडं थोडं, विभागून, आणि शेणखत-कंपोस्टाच्या जोडीने.

जास्त नत्राने फळ येणंही लांबतं. मात्र फळ न येण्याचं सर्वांत साधं कारण झाडाच्या वयात असतं. बियांपासून वाढवलेल्या रोपाचं बालपण फार लांबतं. पाच ते आठ वर्षं, कधी त्याहूनही जास्त. तोवर ते उंच वाढतं, लांब काटे काढतं आणि फुलाचं नाव घेत नाही. गंमत अशी की या कुळातल्या बऱ्याच जातींच्या एकाच बीतून दोन-तीन रोपं उगवतात आणि त्यांतली काही हुबेहूब आईची नक्कल असतात. पण नक्कल असली तरी बालपण चुकत नाही. कलमाचं तसं नसतं. त्यावर बांधलेला डोळा, म्हणजे फांदीवरची कळी, वयात आलेल्या झाडाचा असल्यामुळे दोन-चार वर्षांत फळ धरतं. कलमाच्या जोडाखालून फुटलेला धुमारा मात्र दिसताक्षणी काढावा. तो खुंटाचा, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याचा असतो, जोमाने वाढतो आणि वरच्या कलमाला उपाशी ठेवतो.

पहिली फुलं गळली तर घाबरू नये. शंभर फुलांतून एक-दोन फळं टिकली तरी पुष्कळ झालं. बाकीची झाड स्वतःच गाळतं. माझं मत विचाराल तर पहिली एक-दोन वर्षं धरलेली फळंही हाताने काढावीत. जीवावर येतं खरं, पण तेवढं बळ मुळांना आणि फांद्यांना मिळतं. दिवसाला सहा-आठ तास थेट ऊन हवं. पाणी खोल मुरेल असं द्यावं, पण बुंध्याला लागू देऊ नये. बुंध्याजवळ ओली माती किंवा पालापाचोळा साचला की बुरशीमुळे डिंक्या होतो आणि सालीतून डिंक गळू लागतो.

मुंग्यांकडे मात्र लक्ष द्या. बुंध्यावरून मुंग्यांची रांग चढत असेल, तर वर कुठेतरी मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे असं समजा. त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावून लावतात. तोच चिकटा पानावर सांडला की त्यावर कोळशी, म्हणजे काळी बुरशी, धरते. बुंध्याला कापडाची पट्टी गुंडाळून त्यावर चिकट लेप लावावा आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या कापाव्यात. राखणदार गेले की ढालकिडे आपलं काम करतात. पण सगळ्या मुंग्या सारख्या नसतात. चीनमध्ये सुमारे सतराशे वर्षांपूर्वीच पानं शिवून घर करणाऱ्या मुंग्यांची घरटी विकत आणून संत्र्याच्या झाडांवर टांगत असत. त्या शिकारी मुंग्या फळं खाणाऱ्या किड्यांचा फडशा पाडायच्या.

सायलाकडे काणाडोळा नको. तीन-चार मिलिमीटरचा हा तपकिरी किडा शेपटाकडची बाजू वर करून, तिरका बसतो. त्या ढबीवरून तो लगेच ओळखू येतो. तो ग्रीनिंग रोगाचे जिवाणू पसरवतो आणि या रोगावर इलाज नाही. फ्लोरिडात हा रोग 2005 मध्ये सापडला. तेव्हापासून तिथलं संत्र्याचं उत्पादन दहाव्या हिश्शाच्याही खाली आलं, त्यात वादळांनीही भर घातली.

पिवळं पान दिसलं तर ते मधल्या शिरेवर दुमडून दोन्ही बाजू जुळवून बघा. जस्त किंवा लोह कमी पडलं असेल तर पिवळेपणा दोन्हीकडे सारखाच असतो. ग्रीनिंगमध्ये एका बाजूचे डाग दुसऱ्या बाजूशी जुळत नाहीत, फळंही वेडीवाकडी राहतात. अशी शंका आली तर जाणकाराकडून खात्री करून घ्यावी आणि तोवर त्या झाडाची डोळकाडी, म्हणजे कलमासाठी डोळे घेतात ती फांदी, कुणालाही देऊ नये.