डॅफोडिल तोडायला माणसं कुठून येतात?

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, जानेवारी ते मार्च हा डॅफोडिल या पिवळ्या फुलाच्या तोडणीचा हंगाम. कळी हिरवी, मिटलेली असतानाच खुडायची; शेतातच उमललं ते फूल बाजारातून बाद. दहा दांड्यांची जुडी, तिला रबर आणि मजुरी जुडीमागे. देठाच्या चिकाने हातावर पुरळ उठतं, म्हणून हातमोजे चढवायचे. अशा कामाला गावातली माणसं मिळत नाहीत, ही बागायतदारांची जुनी तक्रार.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने शेतीच्या हंगामापुरते युरोपातले विद्यार्थी आणायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे हंगामी शेतमजुरांची सरकारी योजना उभी राहिली. २००४ मध्ये पोलंड, लिथुआनिया वगैरे देश युरोपीय संघात आले आणि मजूर परवान्याशिवाय येऊ लागले. त्याच वर्षी फेब्रुवारीत मोरकम उपसागरात शिंपले वेचणारे किमान २१ चिनी मजूर भरतीत बुडाले. त्यानंतर शेतीला मजूर पुरवणाऱ्या मुकादमांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. रुमानिया-बल्गेरियाच्या लोकांना १ जानेवारी २०१४ पासून कामाची पूर्ण मुभा मिळणार म्हणून जुनी योजना २०१३ अखेर गुंडाळली.

ब्रेक्झिटच्या सार्वमतानंतर ती नव्या रूपात परतली. २०१९ मध्ये प्रायोगिक २,५०० व्हिसा, तेही फक्त फळं-भाज्यांसाठी. युरोपची दारं उघडी होती तोवर फुलवाल्यांना याची झळ लागली नाही. २०२० संपताना मुक्त प्रवेश थांबला आणि २०२१ च्या हंगामात कॉर्नवॉलमध्ये डॅफोडिल शेतातच पिवळे झाले. त्या वर्षी व्हिसांची मर्यादा ३०,००० वर गेली होती, पण फुलकोबी कापायला व्हिसा आणि बांधापलीकडच्या डॅफोडिलला नाही! नियम करणाऱ्यांनी हे शेत पाहिलंच नसावं. अखेर डिसेंबर २०२१ मध्ये शोभेच्या फुला-रोपांचा समावेश जाहीर झाला.

तोपर्यंत या व्हिसावर येणाऱ्यांत युक्रेनी मजूर सर्वाधिक होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटलं आणि भरती नेपाळ, इंडोनेशिया, मध्य आशियाकडे वळली. अंतर वाढलं तसा खर्चही वाढला. व्हिसा आणि विमानाचं तिकीट मजुराच्याच खिशातून. ब्रिटनमधल्या परवानाधारक संस्थांना मजुराकडून भरतीचे पैसे घेता येत नाहीत, पण मायदेशातले दलाल घेतात. इंडोनेशियन मजूर कर्ज काढून आल्याचं २०२२ मध्ये उघड झालं. आपल्याकडे ऊसतोडीला निघताना मुकादमाकडून उचल तरी हातात पडते. इथे कामाआधीच पदरचे पैसे जातात.

व्हिसा कमाल सहा महिन्यांचा, पण डॅफोडिल तीनच महिने. उरलेल्या दिवसांत कर्ज फेडायचं तर स्ट्रॉबेरीच्या मळ्यावर बदली मिळायला हवी, आणि ती द्यायची की नाही हे भरती करणारी संस्था ठरवते. एप्रिल २०२३ पासून आठवड्याला किमान ३२ तासांच्या पगाराची हमी आली. त्याआधी पाऊस-थंडीने तोडणी थांबली की मजुरी बुडायची.